गर्भाशयाचें कोडें

ज्या अवयवाच्या विसंगत वर्तनानें संशोधकांना वर्षानुवर्षें बुचकळ्यांत टाकलें, त्याच अवयवानें अखेर औषधिशास्त्रास एक मूलभूत सिद्धांत मिळवून देण्यास हातभार लावावा, हा शास्त्राच्या इतिहासांतील एक उद्बोधक योग होय. तो अवयव म्हणजे गर्भाशय.

राय नांवाच्या धान्यावर वाढणारी अर्गट ही बुरशी युरोपांतील सुइणी प्रसूतीच्या कळा वाढविण्यासाठीं पूर्वापार वापरीत असत. तिचे गुणधर्म तपासण्याचें काम हेन्री डेल ह्यांनीं लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेंत हातीं घेतलें. १९०६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं एक विलक्षण गोष्ट नोंदविली. अ‍ॅड्रेनॅलिन दिलें असतां गाभण मांजरीचा गर्भाशय आकुंचन पावे. गाभण नसलेल्या मांजरीचा मात्र त्याच अ‍ॅड्रेनॅलिननें सैल पडे. द्रव्य तेंच, अवयव तोच; मग फरक कोठें?

उत्तराची दिशा केंब्रिजच्या जॉन लँगली ह्यांनीं १९०५ सालींच दाखविली होती. पेशींत एखादें ‘ग्रहणशील द्रव्य’ असलें पाहिजे, आणि औषध त्याच्याशीं संयोग पावल्यावरच आपलें कार्य करतें, असें त्यांचें मत होतें. ह्या द्रव्यालाच पुढें रिसेप्टर म्हणजे ग्राही ही संज्ञा रूढ झाली. परंतु तें मत त्या वेळीं सर्वमान्य झालें नाहीं. १९३० नंतर वॉल्टर कॅनन व आर्तुरो रोझेनब्लूथ ह्यांनीं उलट असें प्रतिपादिलें कीं, मज्जातंतूंच्या प्रेरणेनें दोन निराळीं द्रव्यें निर्माण होतात. एक उत्तेजक, दुसरें शामक. म्हणजे फरक निरोप्यांत मानला गेला, निरोप घेणाऱ्यांत नव्हे.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यांतील ऑगस्टा येथें रेमंड आल्क्विस्ट हे मासिक पाळीच्या वेदना शमविण्यासाठीं गर्भाशयाचे स्नायू शिथिल करणारें औषध शोधीत होते. अ‍ॅड्रेनॅलिन व तत्सदृश अशीं एकंदर सहा द्रव्यें त्यांनीं गर्भाशय, हृदय, रक्तवाहिन्या, आंतडें इत्यादि अवयवांवर योजून पाहिलीं आणि त्यांचा बलाबलक्रम लावला. मुख्य क्रम दोनच निघाले. त्यावरून ग्राहीच दोन जातींचे, आल्फा व बीटा, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. गर्भाशयांत दोन्ही जाती नांदतात. आल्फा आकुंचन घडवितो, बीटा शैथिल्य. आणि गर्भारपणांतील अंतःस्रावांच्या प्रभावानें त्यांचें पारडें फिरतें. मांजरीचें जुनें कोडें ह्याच वाटेनें उलगडलें. हा निबंध एका नियतकालिकानें नाकारला. १९४८ सालीं दुसऱ्यानें तो छापला, आणि तरीहि कित्येक वर्षें तो उपेक्षितच राहिला.

१९६४ सालीं जेम्स ब्लॅक ह्यांनीं बीटा ग्राही रोखणारें प्रोप्रॅनोलॉल पुढें आणलें व हृदयरोग्यांना मोठा दिलासा मिळाला. स्त्रियांच्या दुःखापासून निघालेल्या ह्या शोधाचें स्त्रियांच्या वांट्यास आलेलें फळ मात्र मिश्र ठरलें. बीटा ग्राहींस चेतविणाऱ्या औषधांनीं अकाली प्रसूति थोडा काळ लांबवितां येते. परंतु बीटा ग्राही मातेच्या हृदयांतहि असतात. त्यामुळें हृदयाची धडधड वाढून कांहीं मातांचे प्राण धोक्यांत आले, आणि २०११ सालीं अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनें टर्ब्युटालिन ह्या औषधाच्या अशा दीर्घकाळ उपयोगाविरुद्ध कडक इशारा दिला. औषध एका अवयवासाठीं दिलें, तरी जेथें जेथें त्याचा ग्राही आहे तेथें तेथें तें आपलें कार्य करतेंच, हें ध्यानांत ठेवणें वैद्याचें कर्तव्य आहे.