लिलाव, ठग आणि पाणलावा

जानेवारी २०१९मध्ये सदबीज या लिलावघराने २४८ फळ्या ऑनलाइन विकायला काढल्या आणि त्या एकगठ्ठा ८ लाख डॉलरना गेल्या. चाकं नाहीत, चाकं बसवायचे धातूचे सांगाडे नाहीत, नुसत्या स्केटबोर्डच्या फळ्या. न्यूयॉर्कच्या ‘सुप्रीम’ या कंपनीने वीस वर्षांत काढलेल्या फळ्यांचा तो संच होता आणि घेणारा होता कॅनडातल्या व्हँकुव्हरचा १७ वर्षांचा मुलगा. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे मोल होतं आणि ते सहा आकडी होतं.

त्या मुलाने फळ्यांचं पुढे काय केलं यापेक्षा मला त्या फळीच्या नावात जास्त रस आहे. या नादातली माणसं तिला फळी म्हणत नाहीत, डेक म्हणतात. इंग्रजीला हा शब्द डचांकडून मिळाला. जुन्या डचमध्ये त्याचा अर्थ पांघरूण, आच्छादन, छप्पर. जहाजाच्या पोटावर घातलेलं झाकण ते डेक. पुढे त्या झाकणावर माणसं चालू लागली आणि छपराची जमीन झाली. तिथून तो शब्द स्केटबोर्डवर उतरला, कारण तिथेही माणूस उभाच राहतो.

डेकच्या मुळाशी ‘झाकणे’ या अर्थाचा एक फार जुना धातू आहे. रोमन लोक अंगभर गुंडाळायचे तो टोगा त्याच धातूचा. झाकण काढणे म्हणजे ‘डिटेक्ट’, तेही त्याचंच, म्हणजे डिटेक्टिव्ह हा मुळात झाकण उघडणारा माणूस. संस्कृतात हाच धातू ‘स्थग्’ होऊन आला. ‘स्थगित’चा संस्कृतातला अर्थ झाकलेलं, लपवलेलं, विधानसभेचं कामकाज ‘स्थगित’ होतं तेव्हा आपण त्यावर एक प्रकारे पांघरूणच घालत असतो. आणि याच ‘स्थग्’पासून लपवाछपवी करणारा तो ‘स्थग’, म्हणजे आपला ठक, ठग, असं मानतात. डेक आणि ठग अशा रीतीने चुलतभाऊ निघाले. जुने स्केटबोर्ड विकत घेणाऱ्या कुणालाही या नात्याचं आश्चर्य वाटणार नाही.

का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी, लाटा नसतील त्या दिवशी करायचं काय म्हणून, फळीला रोलर स्केटची चाकं ठोकली. १४ मे १९६५च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅगी ही मुलगी चालत्या स्केटबोर्डवर हातांवर उलटी उभी आहे. तेव्हाची चाकं मातीच्या मिश्रणाची, वाटेत खडा आला की अडणारी आणि माणसाला तोंडघशी पाडणारी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची चाकं आणली आणि खेळ पुन्हा धावू लागला. १९७८ साली पॉवेल-पेराल्टा कंपनी निघाली. व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन या चित्रकाराने तिच्यासाठी कवट्या, हाडं आणि तलवारी काढल्या. सांता क्रूझ कंपनीसाठी जिम फिलिप्सने १९८५ साली तो निळा, तळव्यात तोंड फुटलेला, किंचाळणारा हात काढला. आज बाजारात पैसा आहे तो मुख्यत्वे या ऐंशीच्या दशकातल्या चित्रांना.

ही चित्रं फळीच्या खालच्या अंगाला असतात. वर पाय घसरू नये म्हणून सँडपेपरसारखा खरखरीत कागद चिकटवलेला असतो, चित्र जमिनीकडे. मुलगा कठड्यावरून फळी घसरवत नेतो तेव्हा पहिलं खरवडलं जातं ते चित्रच. पंधरा दिवसांत कवटीचा जबडा जातो, महिन्याभरात डोळे. शॉन क्लिव्हर या चित्रकाराने स्केटबोर्डवरच्या चित्रांचा इतिहास लिहिला (२००४) तेव्हा पुस्तकाचं नावच ‘डिस्पोजेबल’ ठेवलं. लाखो फळ्या छापल्या गेल्या, पोरांनी त्या मन लावून मोडल्या आणि जी एखाददुसरी दुकानाच्या माळ्यावर विसरली गेली तिला भाव आला.

अशा विसरलेल्या मालाला संग्राहक ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणतात. नवा जुना माल! व्याकरणाच्या मास्तरांनी कान धरावा असा हा प्रयोग, पण आपल्याकडे त्याला एक चोख शब्द आहे: कोरा. कोरं लुगडं ट्रंकेत तीस वर्षं पडलं तरी ते कोरंच, जुनं नव्हे. पाणी लागेपर्यंत त्याचं कोरेपण जात नाही. जमिनीला टेकलेली नाही अशी ऐंशीच्या दशकातली डेक ही ‘कोरी’ डेक. टेकलेली असेल तर भाव मोडीकडे सरकायला लागतो.

अपवाद एकच, झिजवणारा माणूस कोण. २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत टोनी हॉक या स्केटबोर्डपटूने हवेत अडीच गिरक्या, म्हणजे ९०० अंश, घेऊन ‘नाइन हंड्रेड’ साधला, ती फळी २०२५मध्ये लिलावात साडेअकरा लाख डॉलरना विकली गेली. तिचं चित्र कोरं नव्हतं, हे सांगायला नको.

जिथे कोऱ्या मालाला एवढा भाव तिथे ठग आलाच. चित्रांना मागणी आहे हे कंपन्यांनाही कळतं, म्हणून त्यांनी जुनीच चित्रं नव्या फळ्यांवर पुन्हा छापली. याला ‘रीइश्यू’ म्हणतात, पुस्तकाच्या पुनर्मुद्रणासारखा उघड, कायदेशीर मामला. पण तीच फळी जरा धुळीत लोळवायची, कडेला दोन ओरखडे काढायचे आणि ‘मामाच्या माळ्यावर सापडली’ असं लिहून १९८५ची म्हणून विकायची, हा ठगाचा उद्योग. अशा प्रत्येक विक्रेत्याला एक मामा असतो आणि शेवटी मामा होतो तो घेणारा. यावर जाणकारांचा एक साधा उतारा आहे. ते चित्राकडे बघतच नाहीत, भोकं मोजतात. चाकांचे सांगाडे फळीला चार-चार बोल्टांनी बसतात. साधारण १९९०पर्यंत त्या भोकांमधलं लांबीचं अंतर अडीच इंच असायचं. मग सांगाडे आखूड झाले आणि ते २ १/८ इंच झालं. ‘१९८५’च्या फळीवर नव्या मापाची भोकं दिसली की मामाचा माळा कोसळतो. झाकण उघडलं की डिटेक्ट झालंच. मुळात शब्द एकच आहे.

आता ‘लिलाव’. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, पाव, बटाटा, पगार, चावी यांच्याच गलबतातून. पोर्तुगीज ‘लैलांव’ आणि त्यामागे अरबी. अरबी मूळ कोणतं यावर थोडी खळखळ आहे: ‘जाहीर करणे’ की ‘खूण, निशाण’. पण दोन्ही शब्द ऐन-लाम-मीम या एकाच त्र्यक्षरी धातूचे, जाणण्या-जाणवण्याचे. मालूम, इल्म आणि तालीम हे त्याच धातूचे. कोल्हापुरातला पैलवान तालमीत जातो आणि शेजारच्या गल्लीत बँक कर्ज थकलेल्या घराचा लिलाव पुकारते, दोघांचं गोत्र एक. पोर्तुगीजांनी हा शब्द किनाऱ्याकिनाऱ्याने वाटत नेला. हिंदीत ल चा न होऊन तो नीलाम झाला, मल्याळममध्ये लेलम, तमिळमध्ये एलम आणि पार मलायात लेलोंग.

गोव्यातला मूळ लिलाव कसा होता याचं वर्णन एका डच माणसानेच लिहून ठेवलं आहे. यान ह्युखेन फान लिन्सखोटेन १५८३पासून पाच-सहा वर्षं गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचं प्रवासवर्णन १५९६ साली छापलं गेलं. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, रुआ दिरैतावर, रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी हा बाजार भरायचा. पुकारा करणारे अंगाखांद्यावर विकायच्या सोन्याच्या साखळ्या आणि दागिने लटकवून फिरायचे, अरबी घोडे विकले जायचे, आणि गुलाम, बायका-पुरुष-मुलं, तेही विकले जायचे. लिलाव या शब्दाने आपल्या भाषेत पाऊल टाकलं ते या रस्त्यावरून, हे विसरू नये.

लिलाव येण्याआधी इथे विक्री होत नव्हती असं अर्थातच नाही. विदर्भ-मराठवाड्यात आजही रेतीघाटांचा ‘हर्रास’ होतो. हा थेट अरबी ‘हराज’, निजामाच्या वाटेने आलेला. गोव्यात ‘पावणी’ होते. कोल्हापुरात गुळाचे ‘सौदे’ निघतात. आणि या सगळ्यांत जी लावायची ती ‘बोली’. इंग्रजी ‘बिड’चंही तसंच. त्यात दोन जुनी क्रियापदं मिसळली आहेत. त्यांतलं एक म्हणजे देऊ करणे, पुकारणे, आणि ते आपल्या बुध् धातूचं सख्खं, म्हणजे बोध, बुद्ध या कुळातलं. दुसऱ्याला जाणीव करून देणे हा त्याचा गाभा. लॅटिनने मात्र ‘ऑक्शन’ला वाढीवरून नाव दिलं, ते ‘ओजस्’च्या नात्यातलं. बाकी सगळीकडे पाहा: अरबीत जाहीर करणं, मराठीत बोलणं, इंग्रजीत जाणवून देणं. लिलाव म्हणजे चारचौघांत तोंड उघडणं.

आणि इथेच ऑनलाइन लिलावाशी या शब्दांचं बिनसतं. १९९५मध्ये सुरू झालेल्या ईबेवर एखादी पॉवेल-पेराल्टाची डेक सात दिवसांसाठी लागते. पहिले सहा दिवस तुरळक हालचाल. जे नवखे आहेत ते बोली लावत राहतात आणि किंमत फुगवून ठेवतात. जे मुरलेले आहेत ते गप्प. लिलाव संपायला सात-आठ सेकंद असताना ते आपला आकडा टाकतात, समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरत नाही. बरं, तिथला नियम असा की जिंकणाऱ्याने आपला पूर्ण आकडा द्यायचा नसतो. दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याहून जेमतेम एक पायरी वर द्यायचं. म्हणजे इतरांना आधी कळू दिलं नाही तर पैसा वाचतो. अल्विन रॉथ (पुढे २०१२चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले) आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली ईबे आणि अ‍ॅमेझॉनचे तेव्हाचे लिलाव ताडून पाहिले. अ‍ॅमेझॉनवर शेवटी बोली आली की वेळ आपोआप वाढायचा, आणि तिथे शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेपेक्षा बरीच कमी होती. दोष माणसाच्या स्वभावाचा नाही, घड्याळाचा.

या शेवटच्या क्षणी मारलेल्या बोलीला ‘स्नायपिंग’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच पाणथळीतून उडालेला आहे. स्नाइप म्हणजे पाणलावा. चिखलाच्या रंगाचा, लांब चोचीचा, पायाखाली येईपर्यंत हलायचा नाही आणि उडाला की नागमोडी वळणं घेत निसटायचा. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज फौजी अधिकारी ‘स्नायपिंग’ला, म्हणजे पाणलावे मारायला जात. ज्याला तो पक्षी मारता येई तो नेमबाज, म्हणून स्नायपर. पुढे हा स्नायपर महायुद्धांच्या खंदकांत गेला, आणि आता कॅलिफोर्नियातल्या फळीसाठी लॅपटॉपपुढे श्वास रोखून बसतो. पाणलाव्याला मात्र या सगळ्यात कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे हा खेळ नवा नाही. गुरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत भाव ठरवायचे. भोवती पन्नास माणसं उभी, पण भाव दोघांच्या बोटांतच. शेतकऱ्याला आपल्याच मालाची बोली ऐकू येईना, म्हणून बाजार समित्यांनी ‘उघड लिलाव’ आणला. अर्थ पाहिला तर ही द्विरुक्ती आहे, कारण लिलाव उघडच असायला हवा. पण शब्दाला विशेषण जोडावं लागलं, यावरूनच तो कुठे घसरला होता ते कळतं. ईबेने उपरणं पुन्हा अंथरलं, एवढंच.

‘व्हिंटेज’बद्दल फार लिहीत नाही. तो द्राक्षाच्या खुडणीचा शब्द, त्या-त्या वर्षीचा हंगाम. वर्ष सांगणारा शब्द हळूहळू वय सांगू लागला. विक्रेते तो आता २०१२च्या फळीलाही लावतात, म्हणून संग्राहकांनी त्यावर विश्वास ठेवणं सोडलं आहे. त्यांना साल हवं आणि भोकांचं माप हवं.

विक्रेत्याच्या भाषेत संग्राहकांना खरा रस असतो तो चुकांमध्ये. मालाचं वर्णन लिहिताना कुणी ‘पॉवेल’मधला एक एल गाळतो, कुणी ‘स्केटबोर्ड’मधला ए विसरतो. मग शोधणाऱ्यांना तो माल दिसतच नाही, बोली लागत नाहीत आणि फळी पडेल भावात निघते. म्हणून जुने खेळाडू मुद्दाम चुकीची स्पेलिंगं टाकून शोधतात. शुद्धलेखनाची किंमत डॉलरांत मोजून देणारी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडच्या र्‍हस्व-दीर्घाच्या वादांना असा काही बाजारभाव असता तर वाद कधीच मिटला असता.

आणि यात ‘स्केट’ने तरी नाक वर करू नये. डचमध्ये तो शब्द ‘स्खाट्स’ असा, एकवचनीच, शेवटी स घेऊन. त्याच्याही आधी उत्तर फ्रान्सच्या बोलीत त्याचा अर्थ पायाला बांधून चालायच्या उंच काठ्या. सतराव्या शतकात इंग्रजांनी तो ऐकला, शेवटचा स म्हणजे आपलं अनेकवचन असा समज करून घेतला आणि तो छाटून टाकला. वाटाण्याचं ‘पीज’ होतं त्याचं ‘पी’ त्यांनी असंच केलं, फ्रेंच ‘शेरीज’ची चेरीही तशीच. चुकीची छाटणी करून घेतलेला हा शब्द त्यांनी डचांना कधी परत केला नाही. उलट विसाव्या शतकात त्याला बोर्ड जोडून पाठवला आणि डच मुलं आता बर्फावर ‘स्खाट्स’ बांधतात, रस्त्यावर मात्र ‘स्केटबोर्ड’ चालवतात.