आमरी : लागवड व व्यापारविषयक निर्बंध

आमर (ऑर्किड) कुलातील वनस्पती फुलांच्या शोभेसाठी जगभर वाढविल्या जातात. त्यांच्या दुर्मिळ जातींची लागवड व व्यापार यांवर भारतात घातलेले खास निर्बंध मात्र फार जुने नाहीत. एकोणिसाव्या शतकात संग्राहकांना फारशी आडकाठी नसे. जोसेफ हूकर यांनी १८५० मध्ये खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाची सात माणसांची ओझी लंडनजवळील क्यू उद्यानासाठी गोळा केली. त्यांतील थोडीच रोपे जिवंत पोहोचली. तेथूनच दुसऱ्या एका गृहस्थाने धाडलेले एकच ओझे इंग्लंडमध्ये ३०० पौंडांस विकले गेले. वन्य साठा कसा आटत गेला असेल, हे यावरून ध्यानी येते.

संरक्षणाचा कायदा करावयाचा, तर कोणती जाती कोठे उगवते हे आधी ठाऊक असावे लागते. पश्चिम भारतापुरते या कामाचा मोठा भाग दक्षिण मुंबईत झाला. धोबीतलाव येथील सेंट झेव्हियर महाविद्यालयातील एथेलबर्ट ब्लॅटर यांनी चार्ल्स मॅकॅन यांच्यासह मुंबई इलाख्यातील आमरींची पुनर्तपासणी केली; ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१-३२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच महाविद्यालयातील हेर्मेनेगिल्ड सांतापाव व झरीर कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ मध्ये निघाला. पाचगणीच्या नावाने ओळखली जाणारी हॅबेनारिया पांचगनिएन्सिस ही जाती या दोघांनीच शास्त्राला परिचित करून दिली.

वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार (साइट्स) वॉशिंग्टन येथे १९७३ मध्ये झाला व भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात संपूर्ण आमर कुल, तर अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात काही मोजक्या जाती आहेत. देशांतर्गत तरतूद त्यानंतर पंधरा वर्षांनी आली. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात १९९१ मध्ये प्रकरण तीन-क घालण्यात आले व सहा नोंदींची यादी जोडण्यात आली. निळी व्हँडा, तांबडी व्हँडा आणि पॅफिओपेडिलम प्रजातीतील सर्व जाती या तिच्यातील आमरी होत. अशा वनस्पती वनातून उपटण्यास मनाई असून त्यांची लागवड वा व्यापार परवान्याविना करता येत नाही. त्या बाळगणाऱ्यावर खटला झाल्यास ताबा बेकायदेशीर नसल्याचे त्यालाच सिद्ध करावे लागते. वनस्पतिसंग्रहासाठी नमुना घ्यावयाचा, तरी परवानगी हवी. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी तिसऱ्या अनुसूचीत गेली आणि सर्वसाधारण गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपये झाली. तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद पूर्वीपासून होतीच.

दादरच्या फूलबाजारात लग्नसराईत व गणेशोत्सवात दिसणारी जांभळी ऑर्किडे या निर्बंधांत सापडत नाहीत. ती डेंड्रोबियमच्या संकरित वाणांची असून पुष्कळशी थायलंडहून येतात. कृत्रिम रीतीने वाढविलेल्या अशा रोपांची कापलेली फुले साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टातून वगळलेली आहेत. आयातीसाठी वनस्पति-आरोग्य प्रमाणपत्र मात्र लागते. अशी लागवड शक्य झाली ती प्रयोगशाळेमुळे. आमरीचे बी अत्यंत सूक्ष्म असून निसर्गात बुरशीच्या साहाय्याशिवाय ते रुजत नाही. लुइस नडसन यांनी १९२२ मध्ये ते शर्करायुक्त माध्यमावर बुरशीविना रुजवून दाखविले.

खरी उणीव सह्याद्रीतील आमरींच्या बाबतीत राहिली. महाराष्ट्रात शंभराहून अधिक जाती आढळतात; पण १९९१ च्या यादीत त्यांतील एकीचाही समावेश नव्हता. पावसाळ्याच्या तोंडी फुलणारी सीतेची वेणी झाडावरून ओरबाडून मुंबईत विकण्यास आणल्यास आधार उरतो तो मुख्यतः भारतीय वन अधिनियम, १९२७ याचा. त्यानुसार वनातून आणलेली वनस्पती ‘वनोपज’ ठरते व राखीव वनातून ती नेणे हा गुन्हा होय. हा कायदा जातीची दुर्मिळता पाहत नाही, उगमस्थान पाहतो. आणि कुंडीत बसविलेल्या रोपाचे उगमस्थान सांगणे अवघड असते. सालीचे तुकडे चिकटलेली वेडीवाकडी मुळे, पानांवरील दगडफूल व किडींनी खाल्लेल्या कडा एवढ्याच खुणांवरून जाणकार वन्य रोप ओळखतात. रोपवाटिकेत दोन-तीन वर्षे ठेवल्यावर त्याही पुसट होतात.