झोपेत धावणारे पाय

झोपलेल्या कुत्र्याचे पंजे मधूनच झटके देतात, मिशा थरथरतात, मिटल्या तोंडातून अर्धवट भुंकणे निघते आणि घरातले सहज म्हणतात, याला स्वप्न पडले असावे. हा तर्क फार जुना आहे. झोपेतल्या भुंकण्यावरून कुत्र्यांना स्वप्ने पडत असावीत, असे ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवले आहे. तर्क टाकाऊ मुळीच नाही; परंतु तेवढ्यावर समाधान मानले, तर त्याहून मोलाचा प्रश्न विचारायचा राहून जातो. स्वप्नात ससा पुढे पळत असेल, तर कुत्रा उठून खरोखर धावू का लागत नाही? वाचकांनी या विषयाकडे त्या प्रश्नापासून यावे, अशी विनंती आहे.

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी माणसाच्या झोपेतला एक वेगळा टप्पा नोंदवला. त्यात पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात. त्यालाच आज रेम झोप म्हणतात. फ्रान्समधील लिऑन येथे मिशेल जुव्हे यांना त्याच दशकात मांजरांमध्ये आढळले की, या टप्प्यात मेंदू जागेपणीसारखा सक्रिय असतो, मानेचे स्नायू मात्र पार सैल पडतात. मस्तिष्कस्तंभातील, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागातील, एक लहानसा पट्टा निकामी केल्यावर मांजर झोपेतच उठून, समोर नसलेल्या भक्ष्यावर दबा धरू लागले. शरीराची ती निश्चलता मेंदू स्वतः घडवून आणतो, हे यातून उघड झाले. मस्तिष्कस्तंभातून निघालेले संदेश मज्जारज्जूत पोहोचतात आणि तेथे ग्लायसीन व गाबा ही रसायने स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशींना दाबून ठेवतात. वरून आलेली उत्तेजना क्षणभर या दाबावर मात करते, तेव्हा पंजा हलतो.

पिल्लांकडे तर जरूर पाहा. डोळेही न उघडलेले पिल्लू झोपेत सर्वाधिक वळवळते. त्याने अजून पाहिलेच काय, की त्याची स्वप्ने पडावीत? आयोवा विद्यापीठाचे मार्क ब्लमबर्ग यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांवर काम केले. आधी अवयव झटका देतो आणि मग त्या अवयवाची खबर मेंदूत उमटते, असे त्यांना दिसले. आपले शरीर कोठे, कसे आहे याची ओळख मेंदू अशा झटक्यांतून करून घेत असावा, असे ते मानतात. मला या क्षेत्रातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

माणसाच्या एका आजाराचे कोडेही कुत्र्यांमुळेच सुटू लागले, ही अभिमानाची गोष्ट आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील काही डोबरमन कुत्री आवडता खाऊ दिसताच आनंदाने जागच्या जागी कोसळत. झोपेतली निश्चलता त्यांना जागेपणी गाठत असे. १९९९ मध्ये इमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाने त्यामागचा जनुकीय दोष शोधला आणि त्यातून माणसांतील याच आजाराकडे, म्हणजे नार्कोलेप्सीकडे, पाहण्याची नवी दिशा मिळाली.

तुम्ही पहिल्यांदाच निरीक्षण करणार असाल, तर आधी संथ श्वासाची गाढ झोप जाऊ द्या. पुढे श्वास अनियमित होतो, पापण्यांखाली हालचाल दिसते आणि मग झटके येतात. अशा वेळी अंगाला हात लावू नका, दचकून कुत्रा चावू शकतो. हवे तर दुरून नावाने हाक मारा. हाकेने तो जागा होत नसेल, पाय ताठ होऊन सारे अंग एका तालात हलत असेल किंवा लघवी होत असेल, तर ती आकडी असू शकते. मोबाइलवर चित्रण करून ते पशुवैद्यांना लगेच दाखवावे.