भिंतीवरची शिंगे : उकळी नको, घाई नको

अमेरिकेतील मिशिगन राज्यात दरवर्षी १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा परवानाधारकांचा हंगाम सुरू होतो आणि महिनाअखेरीस संपतो. पांढऱ्या शेपटीचे हरीण हे तेथील मुख्य सावज. मांस घरच्या शीतपेटीत जाते. मागे उरते ते शिंगांसह डोके. कातड्यात पेंढा भरून, काचेचे डोळे बसवून ते जतन करण्याचे काम खर्चिक असते आणि कारागिराकडे महिनोन् महिने थांबावे लागते. म्हणून अनेक जण ‘युरोपियन माउंट’चा पर्याय निवडतात. त्यात कातडे नसते. स्वच्छ केलेली पांढरी कवटी आणि तिच्यावरील शिंगे एवढेच भिंतीवर लावले जाते. मध्य युरोपातील ही जुनी रीत आहे. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या मॉरित्सबुर्ग गढीतील हरणांच्या शिंगांचा संग्रह त्यासाठी प्रसिद्ध आहे.

हे काम घरी करता येते. मात्र बहुतेक कवट्या बिघडतात त्या दोनच कारणांनी : खळखळती उकळी आणि कपड्यांसाठी वापरले जाणारे ब्लीच.

पहिली सफाई

प्रथम कातडे सोलून डोळे, जीभ, खालचा जबडा आणि सुटेल तेवढे मांस काढले जाते. कवटीच्या मागील बाजूस, जेथून मज्जारज्जू निघतो, तेथील छिद्रातून वाकवलेल्या तारेने मेंदू सैल करतात आणि पाण्याच्या धारेने बाहेर काढतात. त्यानंतर कवटी थंड पाण्यात भिजत ठेवून रक्त उतरू दिले जाते. मेंदू आत राहिला, तर पुढची सारी मेहनत दुर्गंधीत आणि पिवळ्या डागांत वाया जाते.

मंद आच

मांस सुटण्यासाठी कवटी गरम पाण्यात ठेवावी लागते. पण पाण्याला उकळी फुटू द्यायची नसते. खळखळत्या पाण्यात हाडांचे सांधे उकलतात, नाकाची पातळ हाडे निखळतात, दात पडतात आणि चरबी हाडात अधिकच मुरते. पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकल्यास मांस लवकर सैल होते. दर अर्ध्या-पाऊण तासाने कवटी बाहेर काढून सुटलेले मांस बोथट साधनाने खरवडायचे आणि पाणी बदलायचे. शिंगे पाण्याबाहेर ठेवून त्यांचा बुंधा गुंडाळलेला असावा. अन्यथा त्यांचा नैसर्गिक तपकिरी रंग उतरतो.

आच नको असेल, तर कवटी कोमट पाण्यात काही आठवडे कुजू देण्याचाही मार्ग आहे. जीवाणू मांस खातात आणि हाड शाबूत राहते. वास मात्र शेजाऱ्यांची परीक्षा पाहणारा असतो. वस्तुसंग्रहालये या कामासाठी डर्मेस्टिड जातीचे भुंगेरे पाळतात. त्यांच्या अळ्या नाजूक हाडांनाही धक्का न लावता मांस फस्त करतात.

चरबी आणि शुभ्रता

मांस निघाले म्हणजे काम संपले, असा समज होतो. प्रत्यक्षात हाडातील चरबी काही महिन्यांनी वर येते आणि कवटी पिवळी, तेलकट दिसू लागते. त्यासाठी ती भांडी घासण्याच्या पातळ साबणाच्या कोमट पाण्यात ठेवून, पाणी गढूळ झाले की बदलत राहावे लागते. या टप्प्याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात.

शुभ्रतेसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे द्रावणही पुरते. फक्त वेळ अधिक लागतो. शिंगांना त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नसतो. क्लोरीनयुक्त ब्लीच मात्र हाडातील प्रथिनांचाच नाश करते. आरंभी पांढरेशुभ्र दिसणारे हाड पुढे ठिसूळ होऊन त्याची भुकटी पडू लागते. शेवटी कवटी सावलीत वाळवून सुटे दात सरसाने चिकटवले जातात.

न दिसणारा धोका

या कामात आरोग्याचा प्रश्नही आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये प्रथम आढळलेला ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा प्राणघातक रोग आज अमेरिकेच्या अनेक राज्यांत पसरला आहे. २०१६ मध्ये तो नॉर्वेतही आढळला. विकृत प्रथिनांमुळे, म्हणजे प्रायॉनमुळे, होणारा हा रोग पाणी उकळून नष्ट होत नाही. माणसाला त्याची लागण झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही हातमोजे घालावेत, कवटी करवतीने कापू नये आणि मेंदू उघड्यावर टाकू नये, असे सांगितले जाते. मेंदूसह डोके दुसऱ्या राज्यात नेण्यास अनेक राज्यांत मनाई आहे; स्वच्छ केलेली कवटी सामान्यतः नेता येते.

भारतात काय?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात अशी कवटी सहज दिसते. भारतात मात्र हा छंद गुन्हा ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर यांची शिकार तर निषिद्ध आहेच. त्यांची शिंगे व हाडेही ‘ट्रॉफी’ या व्याख्येत येतात. जंगलात मृत आढळलेला वन्यप्राणी आणि त्याचे अवयव ही शासनाची मालमत्ता असते. अशी वस्तू हाती आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा प्राधिकृत वन अधिकाऱ्याकडे कळवणे बंधनकारक आहे. जुन्या वाड्यांतील वडिलोपार्जित शिंगांसाठीही मालकी प्रमाणपत्र लागते. त्यामुळे सहलीत रानवाटेवर सांबराचे शिंग दिसले, तर ते पिशवीत न घालता वनरक्षकाला जागा दाखवणे, हेच योग्य.