२३ जुलै १८८५ : डोंगरावरच्या कॉटेजमध्ये ग्रँट यांचे निधन

अमेरिकेचे माजी अध्यक्ष आणि यादवी युद्धातील विजयी सेनापती युलिसिस ग्रँट यांनी १८८५ मध्ये आजच्या दिवशी न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॅकग्रेगर डोंगरावर अखेरचा श्वास घेतला. १८७९ मध्ये जगप्रवासात ते मुंबईलाही येऊन गेले होते.

अखेरच्या दिवसांत ते राहिले ते कॉटेज मुळात डोंगरमाथ्यावरची साधी खाणावळवजा धर्मशाळा. पुढे तिथे ‘बालमोरल’ हे आलिशान हॉटेल उभारायचे ठरले, तेव्हा ही लाकडी वास्तू पाडली नाही, उचलून थोडी खाली सरकवली! बँकर जोसेफ ड्रेक्सेल यांनी ती दुरुस्त करून सजवली आणि आजारी ग्रँट यांना राहायला दिली.

भागीदाराच्या फसवणुकीने ग्रँट कफल्लक झाले होते, त्यात घशाचा कर्करोग. पत्नी ज्युलिया यांच्यासाठी मागे काही राहावे म्हणून त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले आणि आवाज गेला, तरी मृत्यूच्या काही दिवस आधी ते हातावेगळे केले. ही जिद्द रणांगणावरच्या कोणत्याही विजयाहून मोठी वाटते. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने ते दोन खंडांत छापले आणि ज्युलिया यांना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले.

मुलाने मृत्यूच्या वेळी थांबवलेले घड्याळ, पलंग, अंत्यविधीची फुले कॉटेजमध्ये अजून जपली आहेत. हॉटेल १८९७ मध्ये जळाले. कॉटेज मात्र टिकले आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरले.