रामगढहून मालेगावला

सिनेमा पाहून लिहिले की ती नक्कल, असे आपल्याकडच्या शिकल्यासवरलेल्या मंडळींचे ठाम मत असते. माझ्या वर्गातल्या मुली निबंधात किंवा गोष्टीत सिनेमातला प्रसंग उतरवतात, तेव्हा मीही कित्येक वर्षे लाल शाईची रेघ मारत आले. आमच्या साक्रीपासून दीड-दोन तासांवर मालेगाव आहे. तिथल्या सिनेमांचा इतिहास समजून घेतल्यावर ती रेघ मारताना हात अडखळू लागला.

मालेगाव जिल्ह्याने नाशिकचे, पण बोलीने आणि व्यवहाराने खानदेशच्या उंबऱ्यावरचे. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी ते वाढवले. यंत्रमागाला तिथे शुक्रवारी सुट्टी असते, आणि नमाज झाली की सिनेमा हा अनेकांचा ठरलेला बेत. या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' हा चित्रपट केला. तो आला २००० साली. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर बसले. लोक पोट धरून हसले. पण त्या हसण्यात आपले गाव प्रथमच पडद्यावर पाहिल्याचा आनंदही होता, हे विसरू नये.

आता ज्याची नक्कल झाली त्या 'शोले'चे मूळ तरी कुठले? सलीम-जावेद यांनी लिहिलेला हा चित्रपट १९७५ मध्ये आला, त्यामागे अमेरिकेतले घोडेस्वारांचे चित्रपट होते आणि जपानच्या अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) होता. गाव वाचवायला भाडोत्री लढवय्ये आणायचे ही कल्पना तिथली. अमेरिकेने स्वतः तीच कथा १९६० मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन' या नावाने उचलली होती. म्हणजे एक गोष्ट जपानहून अमेरिकेला गेली, तिथून मुंबईला आली आणि शेवटी मोसम नदीच्या काठी सायकलवरून उतरली. आधीच्या मुक्कामांवर तिला 'प्रेरणा' म्हणायचे आणि शेवटच्या मुक्कामावर 'नक्कल', हा न्याय मला पटत नाही. याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा विलायती चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. त्यातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. त्यांना कुणी नकलाकार म्हणत नाही.

मालेगावच्या मंडळींनी बदलले काय, तर माणसे बदलली. हिंदी सिनेमाने आपल्याला फार करून लखनौच्या हवेलीत बसवले. 'चौदहवीं का चांद' (१९६०), 'मेरे महबूब' (१९६३), 'पाकीजा' (१९७२) यांत नवाब आहेत, शेरवानी आहे, कोठा आहे. 'गर्म हवा' (१९७३) मध्ये आग्र्याचा जोडे बनवणारा कारखानदार आला, तोही इस्मत चुगताईंच्या कथेमुळे. पण माग चालवणारा, बाराबारा तास खटखट ऐकून कानाने मंद झालेला माणूस कुठे होता? मालेगावच्या सिनेमात तो स्वतःच नायक झाला आणि स्वतःच्याच बोलीत बोलला. ती बोली आमची शाळेची उर्दू नव्हे. तिच्यात मराठीही बेमालूम मिसळलेली आहे. शाळेत आम्ही जी खोडून टाकतो, तीच.

पुढे याच मंडळींनी सुपरमॅन आणला. अमेरिकेचा सुपरमॅन पृथ्वी वाचवतो. मालेगावच्या सुपरमॅनला गावच्या धुराने दमा होतो आणि त्याचा झगडा तंबाखूशी आहे. फैझा अहमद खान यांनी या चित्रीकरणावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ मध्ये केला. मालट्रकच्या अंगाला हिरवे कापड लावून त्यापुढे शफीक शेख 'उडतो', हे त्यात दिसते. शफीक यंत्रमाग कामगार होता. २०११ मध्ये तो तोंडाच्या कर्करोगाने गेला. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावात बॉम्बस्फोट झाला आणि वर्तमानपत्रांना हे गाव तेवढ्यापुरतेच ठाऊक राहिले. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला, तेव्हा कुठे देशभरच्या प्रेक्षकांना लेखक फरोग जाफरींसारख्या माणसाची तळमळ कळली.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या सिनेमांत मालेगावची बाई नाही. नायिका बाहेरून आणावी लागे. फाळक्यांनाही तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, अण्णा साळुंके यांनी लुगडे नेसून ती भूमिका केली. पण ते १९१३ होते. १९२६ मध्ये फातमा बेगम यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला होता. एका मुसलमान बाईने कॅमेऱ्यामागे उभे राहून सुमारे शंभर वर्षे झाली, तरी आपल्या गल्लीतली बाई कॅमेऱ्यापुढेही येऊ शकली नाही. पडद्यावर नको म्हणता, ठीक. पण कागदावर? कागदाला तर पडदा लागत नाही.

मागच्या वर्षी मी वर्गात 'शोले'ची कथा सांगितली आणि त्यातले कुठलेही एक माणूस घेऊन लिहा म्हटले. बहुतेकींनी बसंती घेतली. एकीने विचारले, "बाजी, अहमद की अम्मी कहाँ है?" मी क्षणभर गप्प झाले. रामगढच्या इमामसाहेबांचा तरुण मुलगा अहमद. मामाने त्याला जबलपूरला विडीच्या कारखान्यात नोकरी पाहिलेली, आणि वाटेत गब्बर त्याला मारतो. इतक्या वेळा पाहिलेल्या या सिनेमात त्याची आई नाही, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. "तूच शोध," मी म्हटले.

तिने दोन पाने लिहिली. तिच्या गोष्टीतली अम्मी घरी बसून विड्या वळते. पोराने कारखान्यात जाऊ नये असे तिला वाटते, कारण तंबाखूची खस काय असते ते तिला ठाऊक आहे. पण मामाचे पत्र आल्यावर ती काही बोलत नाही, त्याच्यासाठी भाकरी बांधून देते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. 'सूप', 'कात्री', 'पान भिजवणे' हे शब्द तिने घरातले, जसेच्या तसे उर्दू लिपीत लिहिले होते. मी वही मिटली आणि लाल पेन पर्समध्ये ठेवून दिले.