‘मुंबईला जा’ म्हणणारा कायदा : आश्रयाचा इतिहास आणि सातारा-सांगली

१/ फेब्रुवारी २०१४. एका भारतीय समलैंगिक पुरुषाच्या आश्रयाच्या अर्जावर ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायाधिकरणापुढे प्रश्न होता : घरी धोका असेल, तर या माणसाला भारतातच दुसऱ्या मोठ्या शहरात राहता येणार नाही काय? उत्तर आले : सामान्यतः येईल. मित्रहो, हे उत्तर आज सातारा-सांगलीच्या इतिहासावर घासून पाहू.

२/ आधी पार्श्वभूमी. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात छळाची पाच कारणे मान्य आहेत : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. लैंगिक कलाचा उल्लेख त्यात नाही. नेदरलँड्समध्ये १९८१ साली आणि अमेरिकेत एका क्यूबन पुरुषाच्या खटल्यात १९९० साली ‘विशिष्ट सामाजिक गट’ या शब्दांतून ही वाट खुली झाली. भारताने या करारावर आजवर सही केलेली नाही.

३/ वाट खुली झाली, तरी उंबरठ्यावर एक अट उभी होती. अर्जदारांना सांगितले जाई, ‘मायदेशी परत जा आणि गुपचूप राहा.’ दोन बांगलादेशी पुरुषांच्या प्रकरणात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००३ मध्ये, तर इराण व कॅमेरूनच्या अर्जदारांच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. भीतीपोटी जन्मभर स्वतःला लपवावे लागणे हेच मुळी संरक्षण मागण्याचे कारण ठरू शकते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

४/ आता २०१४ चा निकाल. त्याच्या दोनच महिने आधी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केले होते. तरीही या कलमाखाली संमतीच्या संबंधांवर खटले अत्यंत विरळा चालतात, असे न्यायाधिकरणाने नोंदवले. पोलिसांकडून होणारा त्रास, खंडणी, कुटुंबाचा विरोध हे सारे त्याने मान्य केले. पण महानगरांत आधार देणाऱ्या संस्था आहेत, तेव्हा तिकडे जावे, असा त्याचा कौल पडला.

५/ यातील उपरोध इतिहासाच्या विद्यार्थ्याला टोचल्यावाचून राहत नाही. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि १ जानेवारी १८६२ पासून इंग्रजांचा दंडसंहितेचा कायदा तेथे लागू झाला. कलम ३७७ त्याच संहितेतले. ज्यांच्या साम्राज्याने हे कलम लिहिले, त्यांचेच न्यायाधिकरण दीड शतकानंतर त्याच्या धारेचे मोजमाप करीत होते.

६/ ‘दुसऱ्या शहरात जा’ या सल्ल्यामागे एक गृहीतक आहे : शहरात माणूस अनोळखी होतो. आपल्या भागाचा अनुभव निराळा आहे. साताऱ्याकडची माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली, ती गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत राहिली. एका खोलीत एकाच गावची माणसे. गावची बातमी मुंबईत आणि मुंबईची गावात पोहोचायला वेळ लागत नसे. आजच्या सांगली जिल्ह्यातील (१९४९ ते १९६० या काळातील ‘दक्षिण सातारा’) खानापूर-आटपाडीची गलाई व्यावसायिक मंडळी तर सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभरच्या शहरांत विखुरली आहेत. नोकरी शोधणाऱ्याला हे जाळे म्हणजे मायेचा आधार. घरच्यांपासून पळणाऱ्याला मात्र तेच जाळे पहाऱ्यासारखे.

७/ २०१६ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने समलैंगिक स्त्रियांविषयी निकाल देताना हा भेद काही अंशी ओळखला. घरच्यांच्या ताब्यात असलेल्या, अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीला खरा धोका आहे, हे त्याने मान्य केले; शिकलेल्या मध्यमवर्गीय स्त्रीला मात्र स्थलांतराचा पर्याय आहे, असे ठरवले. आता पेच पाहा. ब्रिटनपर्यंत पोहोचायला पारपत्र, व्हिसा आणि पैसा लागतो. जिची कहाणी कायद्याला पटेल, ती बहुधा तिथवर पोहोचतच नाही. जी पोहोचते, तिला ‘मुंबईला जा’ असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक.

८/ मग आश्रय कुठे? काहींनी तो जागच्या जागी उभा केला. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’च्या आधाराने आधी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ संघटित झाली, पुढे देहविक्रय करणाऱ्या पुरुष व तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटना उभी राहिली. मोठ्या शहरात न जाता, जिल्ह्याच्याच गावात, एकमेकांच्या सोबतीने.

९/ ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. ११ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या : अशा जोडप्यांनी संरक्षण मागितल्यास ते तातडीने द्यावे, आणि समुपदेशनाच्या नावाखाली कुणाचा कल बदलण्याचा प्रयत्न होऊ देऊ नये. छळ पुष्कळदा राज्यसंस्थेपेक्षा घरातूनच होतो, याची ही कबुली आहे.

१०/ निर्वासितांचा इतिहास आपण सीमा ओलांडणाऱ्यांच्या नोंदींवरून लिहितो. ज्यांना गावची वेसही ओलांडता आली नाही, त्यांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. आपल्या जिल्ह्यांचा इतिहास लिहिताना ही रिकामी पाने आहेत, एवढे तरी ध्यानात ठेवू.

(थ्रेड समाप्त)